धुतल्याची सही

शनिवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी टेम्पो गेटबाहेर पडला. आत साध्या बिस्किटांचे चाळीस खोके होते. प्रत्येक पाकिटावर ठळक अक्षरांत छापलं होतं: ‘यात शेंगदाणे नाहीत’. परदेशातला खरेदीदार शाळांना खाऊ पुरवतो. काही मुलांच्या पोटात दाण्याचा कण जरी गेला तरी घसा सुजतो, श्वास कोंडतो. त्या एका ओळीसाठीच त्याने या दोघी जावांच्या छोट्या कारखान्याला पसंती दिली होती.

धाकटी पीठ मळायच्या मशीनकडे टक लावून उभी होती. भिंतीवर थोरलीच्या हातचा कागद होता: ‘आधी साधं, मग दाण्याचं. उलट झालं तर मशीन गरम पाण्याने धुवायचं.’

गुरुवारी उलट झालं होतं. धुण्यात दीड तास मोडतो, आणि साडेअकराला लेकीची धावण्याची शर्यत होती. धाकटीने मशीन ओल्या फडक्याने पुसलं, वहीत ‘धुतलं’च्या रकान्यात सही ठोकली आणि निघाली. दुपारी कामावरच्या बायकांनी त्या सहीच्या भरवशावर या खेपेचं साधं पीठ मळायला घेतलं. लेक तिसरी आली.

“काय गं, मशीनसाठी स्थळ बघतेयस का?” थोरली जाता जाता म्हणाली.

धाकटी हसली. ते हसणं तिचं तिलाच खोटं वाटलं.

दुपारी दोघी डबे उघडून बसल्या. अडीच वाजता ती म्हणाली, “वहिनी, गुरुवारी मी मशीन धुतलं नाही. नुसतं पुसलं.”

थोरलीने डब्याचं झाकण लावलं. प्रत्येक घाण्यातलं एक पाकीट कपाटात राखून ठेवतात. त्यातलं गुरुवारचं काढून तिने बिस्कीट मोडलं, खिडकीच्या उजेडात धरलं.

“काही दिसत नाही.”

“दिसलं असतं तर बरं झालं असतं.”

“सही कोणाची आहे?”

“माझी.”

“मग फोन तूच कर. मी केला तर तुला पाठीशी घालीन.”

बंदरावरच्या एजंटने ऐकून घेतलं. “कंटेनर सील झालाय, ताई. बाहेर काढायचा तर कारणासकट लेखी द्या. बोट सहाला सुटते.”

धाकटीने लिहिलं, ‘उत्पादनात तांत्रिक त्रुटी राहिली.’ थोरलीने ती ओळ खोडली.

“तुझं नाव त्रुटी आहे का?”

दुसऱ्यांदा तिने लिहिलं, ‘मी मशीन धुतलं नव्हतं आणि धुतल्याची सही केली.’ खाली नाव घातलं. तीन चाळीसला पत्र एजंटला आणि खरेदीदाराला गेलं. राखून ठेवलेलं पाकीट प्रयोगशाळेत पोचलं; अहवाल सोमवारी मिळेल.

पाच वीसला एजंटने पत्र वाचल्याची खूण आली. पावणेसहापर्यंत उत्तर आलेलं नव्हतं. फोन लागत होता, कोणी उचलत नव्हतं.