क्लचवरचा पाय

वेंकटराव मोटार निरीक्षक म्हणून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली होती. लायसन्स मागायला येणाऱ्यांची परीक्षा घ्यायची आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना परत पाठवायचं, हे काम त्यांनी तीस वर्षं मन लावून केलं. आता दर शुक्रवारी ते आणि त्यांची बायको कमलाक्षी आपल्या जुन्या अँबॅसडरमधून तंजावूरहून तिरुवैयारुला जात, वेंकटरावांच्या बहिणीकडे, ताराबाईंकडे जेवायला.

चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी पुलाच्या चढावर त्यांनी अॅक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं, आवाज चढत गेला, वेग मात्र तिथंच राहिला. मागं केळीचा घड बांधलेला एक सायकलवाला त्यांना ओलांडून गेला.

"पेट्रोल," वेंकटराव म्हणाले. "बाजार खुला केला ना, आता सगळ्यातच भेसळ."

त्यांनी दुसऱ्या पंपावर पेट्रोल भरलं, प्लग बदलले, कार्बोरेटर साफ करवून घेतला. इंजिन जास्तच सुरेख गुरगुरू लागलं आणि गाडी आणखी मागं पडू लागली. वर जळका वास.

"शेतात कोणी काही जाळत असेल."

"तंजावूर ते तिरुवैयारु, सगळ्या वाटेभर?" कमलाक्षीनं विचारलं.

शेवटी गाडी नटराज मेकॅनिकच्या शेडमध्ये गेली. वेंकटरावांना तिथं जायची इच्छा नव्हती. बारा वर्षांपूर्वी त्यांनी या नटराजला दोनदा नापास केलं होतं, कारण गाडी चालवताना त्याचा डावा पाय सारखा क्लचवर असे. नटराजनं मात्र "या सार, या अम्मा" म्हणत दोघांना खुर्च्या दिल्या आणि काय होतंय ते नीट ऐकून घेतलं.

मग तो गाडीत बसला. हँडब्रेक ओढला, टॉप गियर टाकला, थोडा अॅक्सिलरेटर देऊन क्लच हळूहळू सोडला.

"आता इंजिन बंद पडायला हवं, सार."

इंजिन निवांत चालू राहिलं.

"म्हणजे इंजिन चांगलं आहे. क्लच घसरतोय, ताकद चाकांपर्यंत पोचतच नाही." त्यानं हातानं पेडल दाबून पाहिलं. "याला ढिलाईच उरली नाही." त्यानं खाली शिरून क्लचच्या दांड्याचा नट फिरवला, बोटभर ढिलाई ठेवली आणि पुन्हा तीच परीक्षा घेतली. इंजिन तरीही चालूच. "गियरबॉक्स उतरवावा लागेल."

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लचप्लेट बाहेर आली. अस्तर झिजून रिव्हेटं वर आली होती आणि समोरची लोखंडी प्लेट तापून निळी पडली होती. नटराजनं बोट फिरवून दाखवलं. "तेल गळलेलं नाही. कोरडी आहे."

"मग झिजली कशानं?" वेंकटरावांनी निरीक्षकाच्या आवाजात विचारलं.

नटराज हात पुसत राहिला. "जुनी गाडी, सार. होतं असं."

"तुमच्या पायानं," कमलाक्षी घरच्या मराठीत म्हणाली. "घर सोडल्यापासून ताराबाईंच्या दारापर्यंत पाय पेडलवर. गेली पंधरा वर्षं बघतेय मी."

"मग सांगितलं का नाही?"

"निरीक्षकाला कोण सांगणार?"

नटराजला मराठी येत नव्हती. तरी तो पाना शोधायला मागच्या खोलीत गेला आणि बराच वेळ आला नाही.

नवी प्लेट, नवी बेअरिंग बसली. पुढच्या शुक्रवारी वेंकटरावांनी डावा पाय पेडलपासून इतका लांब ठेवला की पुलावर बस समोर आली तेव्हा ब्रेक वेळेवर लागला, क्लच राहूनच गेला. गाडी आचका देऊन बंद पडली. मागं हॉर्न वाजू लागले.

"पाय," कमलाक्षी हळूच म्हणाली.

"तर मग तूच चालव!"

ते रागानं म्हणाले होते. तिनं ती परवानगी समजून सोमवारीच ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. त्रेपन्नाव्या वर्षी, नऊवारीत, चपला बाजूला काढून ती शिकली.

परीक्षेच्या दिवशी वेंकटराव कचेरीबाहेर कडुनिंबाखाली उभे राहिले. आतले लोक ओळखीचे होते, तरी आत गेले नाहीत. अर्ध्या तासानं कमलाक्षी हसत बाहेर आली. पहिल्याच खेपेला पास.

वेंकटरावांनी तिच्या हातातला कागद घेतला, तारीख, शिक्का, सही सगळं तपासलं आणि परत दिला.

"हल्लीचे निरीक्षक," ते म्हणाले, "फारच सैल."