खाडीला वाट मिळाली तेव्हा

खाडीच्या तोंडावरचा दगडी बांध मधोमध फोडावा, हा सल्ला मासोळीचा. ती सूक्ष्मजीवांची अभ्यासक. लहानपणी पाण्यातून बाहेर यायला मागायची नाही म्हणून घरच्यांनी ठेवलेलं हे नाव तिला चाळिशीतही चिकटून होतं. तिचा दादा आणि वहिनी त्याच खाडीत तराफ्यांना दोर बांधून कालवं वाढवायचे. बांध झाल्यापासून प्रवाह अडला, पाणी डबक्यासारखं पडून राहिलं आणि कालवं आतून पार सुकली. बंदराच्या कारभाऱ्यांना पटवता पटवता मासोळीच्या नाकी नऊ आले, पण शेवटी बांधाला खिंडार पडलं. पहिल्या भरतीचं पाणी आत घुसलं तेव्हा वहिनीने चक्क टाळ्या वाजवल्या.

पंधरवडाही लोटला नाही तोच खाडीला कुजक्या अंड्यांसारखा वास सुटला. तराफ्यांवरची निम्मी कालवं तोंड वासून मेली.

"आमचं फार बरं चाललं होतं असं नाही," मेलेले शिंपले दोरावरून खरवडत वहिनी म्हणाली, "पण होतं तेही तू घालवलंस."

प्रवाह तळाचा गाळ ढवळणार, हे मासोळीला ठाऊक होतं. इतका ढवळेल असं वाटलं नव्हतं.

"माझा अंदाज चुकला, वहिनी."

त्यानंतर वहिनीने बोलणंच टाकलं. एका घरात राहून दोघी दादामार्फत बोलायच्या, आणि तो बिचारा निरोप पोचवताना त्यातले शिव्याशाप गाळून टाकायचा.

मासोळी मात्र रोज होडी घेऊन निघायची, ठिकठिकाणचं पाणी बाटल्यांत भरायची आणि घरामागच्या खोलीत तपासत बसायची. एके सकाळी खिंडाराजवळचं पाणी तिच्या हाताला एकदम गार लागलं. तपासलं तर त्यात प्राणवायू भरपूर. ती ओल्या कपड्यांनीच धावत घरी आली आणि दादाला मध्ये न घालता थेट वहिनीसमोर उभी राहिली.

"उरलेले तराफे खिंडारापाशी नेऊया. तिथे बाहेरच्या समुद्राचं खोलवरचं पाणी येतंय. गाळ ढवळला गेला तेव्हा त्याने इथला प्राणवायू संपवला. आता प्रवाह नवा आणतोय. जिवाणू कुजलेलं सगळं फोडून त्याचं खत करायला लागलेत. त्यावर बारीक शेवाळ धरेल. कालवं तेच तर खातात."

"आणि तिथेही मेली तर?"

"तर मी पुन्हा तोंड दाखवणार नाही."

"दाखवणार नाहीस म्हणजे? जाशील कुठे? न्हाणीघर एकच आहे आपलं."

दादा फस्सकन हसला. वहिनीने त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण हातमोजे चढवले.

तराफे हलवायला दिवस मोडला. होडीचं इंजिन दोनदा रुसलं, दोरांनी तळहात सोलले. शेवटचा तराफा नांगराला बांधून झाल्यावर वहिनी म्हणाली, "बघू." रागावल्यापासून ती आपणहून बोललेला तो पहिला शब्द.

वास हळूहळू विरला. एका दुपारी वहिनी हात पुसत मागच्या खोलीत आली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. काचेवर ते बारीक शेवाळ सोनेरी डब्यांच्या माळांसारखं दिसत होतं.

"एवढंसं? ह्यांच्यावर आमचं पोट?"

"ह्यांच्यावर कालवांचं. कालवांवर तुमचं."

"आणि ह्यांचं कशावर?"

"जिवाणूंनी केलेल्या खतावर. आणि ते इकडून तिकडे पोचवणाऱ्या पाण्यावर."

वहिनीने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला. "मग ते खिंडार अजून रुंद करायला सांग ना!"

"हळूहळू, वहिनी. ह्या खेपेला हळूहळू."

हंगामाला दादाने खिंडारापाशी सुरी घालून एक कालव उघडलं. आतला गर शिंपलाभर, पांढराशुभ्र. वहिनीने ते मासोळीच्या तोंडाशी धरलं आणि तिने ते गट्ट केलं. निम्मे दोर अजून रिकामेच होते. दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून त्यांच्यावर नखाएवढी नवी पिल्लं लावायला घेतली.