हिटलरकाकांची हजेरी

"आई, त्याला सांग, हा पट्टा मी कापून टाकणार आहे."

मैत्रेयीच्या हातात कात्री होती आणि सोफ्यावर लाल सॅटिनचा पट्टा पसरला होता. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'आमचे लाडके हिटलरकाका : सेवेची दहा वर्षं'. रविवारी मराठी मंडळाच्या गणपतीत सत्कार होता आणि सेक्रेटरी प्रसन्न सकाळीच तो पट्टा दाखवायला देऊन गेला होता.

'त्याला' म्हणजे बापाला. बाप दोन हातांच्या अंतरावर बसून पोहे खात होता. पण चार दिवस झाले, लेक बापाशी थेट बोलत नव्हती. सगळा कारभार आईमार्फत चालला होता.

"कात्री ठेव," शामकांत म्हणाला.

"आई, सांग त्याला. नॉट फनी."

"मी काय पोस्टमन आहे?" प्रेमा म्हणाली आणि चहा गाळायला आत गेली.

याचं नाव शामकांत विनायक टिपणीस. आपण तरी ते वापरू, कारण दुसरं कोणी वापरत नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी रसायनीच्या एका कारखान्यात याने खुद्द जनरल मॅनेजरला डोक्यावर हेल्मेट नाही म्हणून गेटातून परत पाठवलं आणि संध्याकाळपर्यंत कॅन्टीनने याचं बारसं करून टाकलं. ते नाव सिंगापूरला याच्याआधी पोचलं. तिथे जुरोंग आयलंडवर, रसायनांच्या कारखान्यांच्या बेटावर, तो सेफ्टी सुपरवायझर होता. मंडळात जेवणाच्या रांगा लावायचा आणि मधे घुसणाऱ्या भल्याभल्यांना ताटासकट शेवटी नेऊन उभं करायचा. लोक म्हणायचे, हिटलर आला, सरळ उभे राहा. खोटं कशाला सांगायचं, त्याला ते आवडायचं. आपल्याकडे शिस्तीच्या माणसाला सर्रास हेच नाव देतात. शाळेतल्या मास्तरांना देतात, सासऱ्याला देतात, बँकेतल्या मॅनेजरला देतात, आणि कुणाच्या मनात काही येत नाही.

आलं ते मैत्रेयीच्या. त्या वर्षी एका संग्रहालयात ज्यूंच्या हत्याकांडाचं प्रदर्शन लागलं होतं आणि दर शनिवारी शाळेतली मुलं येणाऱ्यांना ते समजावून सांगत. मैत्रेयी दोन महिने त्याचं ट्रेनिंग घेत होती. तिथे मिसेस क्लाइन नावाची एक म्हातारी यायची. तिच्या आईच्या घरातली अकरा माणसं त्यात गेली होती. गेल्या शनिवारी टेबलावरचा मैत्रेयीचा फोन वाजला आणि स्क्रीनवर बापाचं नाव आलं, 'हिटलर'. सहावीत असताना तिनेच ते हौसेने घातलं होतं. म्हातारीने ते वाचलं. चष्मा काढून पुसला आणि उठून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली.

"लाडाचं नाव आहे ते," शामकांत बशी खाली ठेवत म्हणाला. "माणसं प्रेमाने म्हणतात."

"त्याला म्हणावं, शनिवारी म्युझियममध्ये फॅमिली डे आहे," मैत्रेयी स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाली. "ये आणि बघ म्हणावं. मग घाल काय घालायचं ते."

शनिवारी तो गेला, पण पेटूनच गेला. सुमात्रातली जंगलं पेटून त्यांचा धूर सिंगापूरवर येण्याचे दिवस होते. देश स्वतंत्र होऊन पन्नास वर्षं झाली म्हणून लावलेले झेंडे अजून उतरवले नव्हते आणि तेही धुरात मळके दिसत होते. "आपल्याकडे फाळणीत काय कमी माणसं मेली?" तो एमआरटीच्या मेट्रोत प्रेमाला म्हणाला. "ते कोण दाखवतंय? यांचंच बरं कौतुक."

"आज तिच्यासमोर हे बोलू नका," प्रेमा म्हणाली.

मैत्रेयी गळ्यात पास घालून सात-आठ जणांच्या घोळक्याला फिरवत होती. बापाकडे तिने एकदा पाहिलं आणि "धिस वे, सर," म्हणाली. सर. शामकांतच्या कानशिलाला झिणझिण्या आल्या.

एका मोठ्या फोटोपुढे ती थांबली. पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यातली माणसं मैदानात रांगा धरून उभी होती. ती इंग्रजीत सांगत होती, पाठ केल्यासारखं नाही, सावकाश. छावणीत सकाळ-संध्याकाळ मोजणी व्हायची. आकडा जुळेपर्यंत कुणी हलायचं नाही, मग पाऊस असो की बर्फ. आधल्या रात्री कुणी मेलं असेल तर बाकीचे त्याला उचलून आणायचे, कारण आकड्यात तोही धरलेला असायचा.

"मीही मोजतो," शामकांत मराठीत बोलला. आवाज मोठा झाला आणि लोकांनी वळून पाहिलं. "भोंगा वाजला की आत कुणी अडकून राहू नये म्हणून कामगार मोजतो. तुला हे चांगलं माहीत आहे. याचा माझ्याशी काय संबंध?"

आठवड्यात पहिल्यांदा मैत्रेयी थेट त्याच्याशी बोलली. "मोजताना तू नावं घेतोस?"

"काय?"

"नाव घेतोस की नंबर?"

"नंबर. हेल्मेटवर असतो. एकशे बारा माणसं, चार मिनिटांत. नावं घेत बसलो तर..."

"यांनापण नंबरच होते," ती म्हणाली आणि घोळक्याकडे वळली. "नेक्स्ट पॅनेल, प्लीज."

घोळका पुढे गेला. प्रेमाही गेली. शामकांत तिथेच राहिला. पोरीला एक ठेवून द्यावी इतका राग आला होता आणि त्या रागातच रसायनी आठवलं. एकदा मोजणीत एक माणूस कमी भरला होता. चहाला गेला असेल, सगळे म्हणाले. शामकांतही म्हणाला होता. माणूस टाकीत अडकून मेला होता. त्यानंतरच हा शामकांत असा झाला, हेल्मेटवाला, गेटवाला, रांगावाला. त्या माणसाचा टोकन नंबर दोनशे चौदा. तो नंबर शामकांतला झोपेतही सांगता आला असता. पण नाव? त्या माणसाची बायको दोन दिवस गेटाबाहेर बसून नवऱ्याला नावाने हाका मारत होती. त्या हाका त्याने ऐकल्या होत्या. नाव काही केल्या आठवेना.

बाहेर पडताना वहीत सही करायची होती. टेबलामागे म्हातारी होती.

"शामकांत टिपणीस," तो इंग्रजीत म्हणाला. "मैत्रेयीचा फादर."

"तुम्हाला काय म्हणतात ते मला माहीत आहे," मिसेस क्लाइन म्हणाली आणि वही त्याच्या मागच्या माणसापुढे सरकवली.

रविवारी हॉल गच्च भरला होता. प्रसन्नने माइकवरून आरोळी ठोकली, पट्टा घेऊन पुढे आला, आणि शामकांतने त्याचा हात धरला.

"हा पट्टा मला नको."

"ऐकलंत?" प्रसन्न माइकमध्ये म्हणाला. "ऑर्डर आली."

हॉल हसला.

"मी गंमत करत नाहीये. माझं नाव शामकांत आहे. ते लिहून आणा, मी घेतो. हे नाव यापुढे कुणी घ्यायचं नाही."

त्याचा आवाज चढला तशा टाळ्या वाढल्या. हाच तर तो आवाज होता, दहा वर्षं रांगेतून ऐकलेला. मागे कुणीतरी टाचा जुळवून हात सरळ वर केला आणि आजूबाजूची चार पोक्त माणसं पोट धरून हसली. "काका, एकदम फॉर्मात आज," प्रसन्न त्याच्या कानात म्हणाला आणि टाळ्यांत पट्टा गळ्यात अडकवून मोकळा झाला. फोटो निघाला. तिसऱ्या रांगेतून मैत्रेयी उठली आणि बाहेर गेली.

परतताना एमआरटीत ती दोन सीट सोडून बसली. पट्टा घडी करून शामकांतच्या खिशात होता.

"मी नको म्हणालो होतो," तो म्हणाला. "ऐकलंस ना तू?"

"ऐकलं."

"मग?"

"ते हसले, बाबा. दहा वर्षं तूच त्यांना हसवलंस." एवढं बोलून तिने कानात हेडफोन घातले.

मंगळवारी त्याने ऑफिसातून कामगारांची यादी छापून घेतली. क्लार्कने विचारलं, कशाला? तो म्हणाला, लागते.

बुधवारी भोंगा वाजला. सरावाचाच होता. माणसं कामं टाकून मोकळ्या जागेत आली आणि रांगा धरून उभी राहिली. हवेत धूर होता म्हणून सगळ्यांच्या तोंडाला मास्क होते. शामकांतने यादी उघडली आणि पहिलं नाव घेतलं. चुकीचं घेतलं. तो तमिळ माणूस गोंधळून "यस सर" म्हणाला. दुसरं घेतलं. चार मिनिटं झाली तेव्हा तो तिसाव्या नावावर होता. रांगांतून कुरकुर सुरू झाली. वॉकीटॉकीवर मॅनेजर टॅनचा आवाज आला, "हिटलर, व्हाय सो स्लो?"

"काउंटिंग," शामकांत म्हणाला.

"मोतालेब मियाँ."

कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा नाव घेतलं. मग दुसऱ्या रांगेत एकाने शेजाऱ्याला कोपराने ढोसलं आणि पन्नाशीच्या एका माणसाने मास्क खाली ओढून हात वर केला. तो तिथेच होता, पहिल्यापासून. या बेटावर सात वर्षं काम करत होता आणि कुणी पूर्ण नावाने हाक मारेल असं त्याला वाटलंच नव्हतं.

चौदा मिनिटं लागली. एकशे बारा भरले.

"फिनिश ऑर नॉट?" टॅन विचारत होता. "सेंड देम बॅक, लाह."

यादी संपली होती. माणसं धुरात उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत होती. शामकांतने कागद खाली केला नाही. अजून एक नाव घ्यायचं होतं, आणि ते त्याला आठवत नव्हतं.