माझी लाल कांती आणि आश्रुबांचे हात

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. विजेवर वाजणारी, डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. कारखान्यात कुणीतरी माझ्या लाकडावर आधी रंग आणि मग चकाकीचा थर मोठ्या निगुतीने चढवला. माझं सगळं रूप त्या थरात आहे. तो नखाएवढाही जाड नाही, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

गेवराईच्या एका ऑर्केस्ट्रात रामभाऊ मला वाजवायचे. लग्नसराईत धूळ, घाम, हळद सगळं माझ्या अंगावर बसायचं, तरी मी मिरवायची हौस सोडली नाही. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. रामभाऊंनी मला नांदूरघाटला आपल्या भाचीला, वैष्णवीला देऊन टाकलं. निघताना एवढंच म्हणाले, "हिला ठोकर लागू देऊ नको. लई नाजूक हाय." पोरगी जिद्दीची. बोटांना घट्टे पडेपर्यंत तिने मला सोडलं नाही.

वैष्णवीचे वडील आश्रुबा. पोळ्याआधी बैलांची शिंगं साळायला पंचक्रोशीतून त्यांनाच बोलावणं यायचं. काचेच्या तुकड्याने शिंग हळूहळू तासून, तेल चोळून ते असं चमकवायचे की बैलाचा धनीच आपला बैल ओळखेना. पण मला त्यांनी कधी बोट लावलं नाही. हात मागे बांधून लांबूनच बघायचे. "आपल्या हाताचं काम न्हाई हे," म्हणायचे. मला गंमत वाटायची. दांडगे बैल वठणीवर आणणारा माणूस लाकडाच्या तुकड्यापुढे देवळात आल्यासारखा उभा!

त्यांनी माझ्यासाठी एकच गोष्ट केली. मेव्हण्याचं, म्हणजे रामभाऊंचं, बोलणं त्यांच्या कानावर होतं. खुंटीने माझी मान, म्हणजे तारांखालचा लांब दांडा, खरचटू नये म्हणून त्यांनी खुंटीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. ट्यूबचं उरलेलं टोक माझ्या मानेमागे लोंबत राहिलं. वैष्णवी परीक्षेसाठी बीडला गेली आणि उन्हाळाभर मी तशीच टांगलेली. रबर आणि माझी चकाकी यांचं कधी पटत नाही. उन्हं तापली तसा त्या रबराने माझ्या मानेवरचा थर मऊ करून टाकला. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

वैष्णवी परतली ती बातमी घेऊनच. माजलगावच्या एका मोठ्या कार्यक्रमात वाजवायला तिची निवड झाली होती. पहिल्यांदाच मंचावर! अवघे पाच दिवस उरले होते. तिने मला हातात घेतलं आणि तिचा तळवा माझ्या मानेला चिकटला.

"आण्णा, हे कावून असं काळं चिकट झालं? हात सरकतच न्हाई. आता मी वाजवू कशी?" ती वडिलांसमोर रडायलाच लागली.

शेजारचा शहादेव ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवायचा. तो थिनरची बाटली घेऊन आला. "एका फडक्यात साफ करतो बघ."

"थांब बे," आश्रुबा म्हणाले. "शिंग साळताना बी आधी बुडाशी बघावं लागतं. तिथं रगत असतं."

शहादेवने माझ्या बुडाशी, पट्टा अडकवतात तिथे, एकच थेंब लावून पुसलं. फडकं लालभडक झालं. आश्रुबांचा चेहरा उतरला.

"डाग ट्यूब लोंबायची तिथंच हाय. ती म्या बांधली, पोरी," ते हळूच म्हणाले. "जीव लावला अन् म्याच नास केला."

मग त्यांनी धुऊन धुऊन विरलेल्या धोतराचा तुकडा फाडला आणि पहिल्यांदा मला मांडीवर घेतलं. तोंडाची वाफ सोडायची, न दाबता कापड फिरवायचं, सावलीत सुकू द्यायचं, की पुन्हा तेच. चार दिवस! कासरा ओढून दगड झालेले ते हात इतके हलके असतील हे मला खरंच वाटेना. आजवर माझं कौतुक पुष्कळांनी केलं होतं, पण मी स्वतः अशी थक्क कधीच झाले नव्हते. चिकटपणा गेला. काळा डाग तेवढा राहिला.

मित्रांनो, मला लागतं ते मऊ सुती कापड आणि तोंडाची वाफ. याहून जास्त काही करावंसं वाटलं तर आधी कडेला एक थेंब लावून बघा. जिच्यावर माया करता, तिला काय सोसतं ते तिलाच विचारा.

माजलगावला मंचावरच्या दिव्यांत मी लखलखले. आश्रुबा तिसऱ्या रांगेत होते. सुरांकडे त्यांचं लक्ष नव्हतं; लेकीच्या डाव्या हातावर डोळे खिळले होते. तो हात माझ्या मानेवरून वरपासून खालपर्यंत एका दमात सरसर उतरला. मांडव टाळ्यांनी दणाणला. आश्रुबांनी मात्र टाळी वाजवली नाही. आपले दोन्ही तळवे पुढे धरून ते त्यांच्याकडे बघत राहिले.