डावीकडे वळलेली नळी

मित्रांनो, बोटभर लांबीची आणि आतून केसाएवढी पोकळ अशी मी एक जुनी काचेची नळी आहे. आगीवर ओढून मला बारीक केले. मग एका संशोधक ताईने माझ्यात द्रवस्फटिक भरला आणि माझी दोन्ही तोंडे बंद केली. हा द्रव पाण्यासारखा वाहतो, पण त्याचे कण एका दिशेने ओळीत राहतात. पसरट बशीत ते सरळ असतात. माझ्यासारख्या अरुंद जागेत मात्र त्यांना पीळ पडतो. तो उजवीकडे पडावा की डावीकडे, हे त्यांना कुणी सांगत नाही. दोन्ही वाटा सारख्याच सोप्या. मी आपली डावीकडे वळले.

ताईचे सर भारी शिस्तीचे. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ही सदोष आहे. काचेवर ओरखडा असणार. मोजू नकोस."

"पण सर, निम्म्या नळ्या अशाच आहेत."

"मग निम्म्या सदोष!"

झाले! मोठ्यांपुढे कोण बोलणार? उजव्या बहिणींचे फोटो भिंतीवर लागले. आम्हा डाव्यांना एका खोक्यात भरून खणात ढकलले. ताईच्या चपला वाजल्या की मी कान टवकारायचे. एकदा तरी उजवीकडे वळता यावे, तिने मला पुन्हा भिंगाखाली घ्यावे, असे फार फार वाटायचे. चपला खणावरून पुढे निघून जायच्या.

दीड वर्षाने ताईचा प्रबंध परत आला. 'सगळ्याच नळ्या उजव्या कशा? शुद्ध द्रव दोन्हीकडे वळायला हवा. यात भेसळ दिसते,' असा परीक्षकांचा शेरा होता. तिची तीन वर्षांची मेहनत पाण्यात जायची वेळ आली. तिने खण ओढला.

"कुठे आहात गं माझ्या डाव्या?"

काही बहिणी सुकून गेल्या होत्या. मी तग धरून होते. ताईने मला तापवले, तसा माझा पीळ पार सुटला. मग हळूहळू निववले आणि काय सांगू, मी चक्क उजवीकडे वळले! आता शाबासकी मिळणार म्हणून मी वाट पाहू लागले. तिने वहीत 'उजवी' एवढेच लिहिले आणि मला पुन्हा तापवले. या वेळी मी डावीकडे वळले. ताई खुर्चीतून उठलीच.

"सर, बघा ना! काच तीच, द्रव तोच. दोष नाहीच कुठे!"

सरांनी बराच वेळ पाहिले.

"माझंच चुकलं," ते म्हणाले.

प्रबंध मान्य झाला. ताई दुसऱ्या गावी गेली. मी अजून इथेच आहे. माझे एक तोंड उघडले आहे आणि द्रव रोज थोडा आटतो. तिची फार आठवण येते. मित्रांनो, कुणी उलटे वळले म्हणून त्याला बाजूला टाकू नका. आणि टाकलेच असेल, तर तो सुकायच्या आत खण उघडा.