बोट लवकर लागली तो दिवस

सुन्वाने ती कादंबरी आमच्या बोटीवरच लिहिली, मी कॉफी विकते त्या खिडकीशेजारी बसून. आपल्या आजारी आईला राजधानी तोर्शहावनच्या इस्पितळातून शेवटचं घरी, आमच्या सुदुरॉय बेटावर आणलं, त्या दोन तासांची ती गोष्ट. आई बोलते, गप्प होते, लाटा ऐकते, बेट दिसू लागतं, की संपली. अठरा हजार शब्द, वाचायलाही तेवढेच दोन तास.

प्रकाशक दानियल म्हणाला, फारच बारीक आहे, पुस्तकाच्या कण्यावर नाव छापायलाही जागा उरणार नाही. चाळीस हजार तरी कर. बिचारीने केले. एक लग्न घातलं, एक कोर्टकज्जा, एक वादळ. मला वाचून दाखवलं.

"बाई गं," मी म्हटलं, "या गर्दीत तुझी आई कुठंय?"

मग तिने चुकलेली बाही उसवावी तसं सगळं उसवलं, आणि दानियलला न विचारता ईबुक काढलं. फोनला कुठला आलाय कणा? तरी तिच्या जिवाला घोर होता. आई चार लोकांत नेऊन ठेवली होती. कुणी बघितलंच नाही तर?

जूनमध्ये एकदा ती बोटीवर होती. बोट धक्क्याला लागली, दार उघडलं, पण बोटीच्या पोटात उभ्या गाड्यांची रांग हलेना. सगळ्यांत पुढे हायनी, मेंढ्यांचा व्यापारी, शाळा सुटल्यापासून पुस्तकाला न शिवलेला. त्याच्यामागे नेमका दानियल. हॉर्न वाजवून दमला, तेव्हा तावातावाने उतरला. आम्ही दोघी जिन्यावरून बघत होतो.

"हायनी, झोपलास का रे?"

हायनीने फोनवरून नजर काढली नाही. "थांब जरा. म्हातारीला बेट दिसायला लागलंय."

दानियलने वाकून पाहिलं, आणि त्याचा आवाज उतरला. "एवढंसं पुस्तक, तेही संपलं नाही तुझं?"

"पुस्तक बरोबर आहे. समुद्र शांत होता, बोटच लवकर लागली."

मागे कुणी हॉर्न वाजवेना. तिसऱ्या गाडीतली बाईसुद्धा मान खाली घालून वाचत होती. उघड्या दारातून आमच्या बेटाच्या ओल्या गवताचा वास आत आला. सुन्वाने माझा हात घट्ट धरला.

हायनीने बाहीने डोळे पुसले, फोन खिशात टाकला आणि गाडी काढली. दानियल तिथेच उभा होता. त्याने वर जिन्याकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.