फळ्यावरचे दोनशे चौऱ्याण्णव दिवस

राग माझ्या नाकावर असतो, हे मला कुणी वेगळं सांगायला नको. डायलिसिसच्या आमच्या हॉलमध्ये आठ खाटा, आठ मशिनं, आणि मी इन्चार्ज सिस्टर. सव्वीस वर्षं झाली. कुणी मास्क नाकाखाली ओढला की माझ्या तोंडाचा पट्टा सुरू. हात न धुता कुणी खाटेजवळ गेलं की त्याचं काही खरं नाही. मागे एकदा मोठ्या डॉक्टरांनाच मी दारातून परत पाठवलं होतं, हात धुऊन या म्हणून. ते हसत हसत गेले, पण गेले.

उगाच ओरडत नाही मी. ज्यांच्या किडन्या बसल्या, त्यांना आठवड्यातून तीनदा, चार-चार तास मशीनला जोडून रक्त साफ करून घ्यावं लागतं. त्यासाठी रक्त बाहेर यायला आणि परत आत जायला वाट लागते. चांगली वाट म्हणजे फिस्टुला, हातातली शीर धमनीला जोडून केलेला. तो ज्यांना टिकत नाही, त्यांच्या मानेच्या मोठ्या शिरेतून एक नळी थेट हृदयापर्यंत जाते आणि तिची दोन टोकं छातीवर बाहेर लोंबत राहतात, एक लाल टोपणाचं, एक निळ्या. आम्ही तिला परमकॅथ म्हणतो. फिस्टुला तयार होईपर्यंतची सोय म्हणून ती बसवायची असते. पण चार दिवसांची पाहुणी म्हणून आलेली ही बया वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. तिची टोपणं मी आठवड्यातून तीनदा उघडते, आणि दर वेळी जंतूंना आत शिरायची संधी मिळते. बरं, हा जंतू थांबतो कुठे, तर रक्तात. मग ओरडू नको तर काय करू?

दाराशेजारी एक काळा फळा आहे. त्यावर मथळा: ‘नळीच्या संसर्गाविना दिवस’. खाली आकडा. कुणाच्या रक्तात जंतू सापडले की आकडा पुसायचा आणि शून्यापासून सुरुवात. आमचा आधीचा विक्रम एकशे बाराचा. या वेळी आम्ही दोनशे सत्तरच्या पुढे गेलो होतो, आणि माझी मान किती ताठ झाली होती ते माझं मलाच ठाऊक. तीनशे झाले की संचालक स्वतः येणार होते, फोटो निघणार होता. मी नवा चष्मासुद्धा करून घेतला होता.

तो आकडा लिहायचे पेंटरकाका. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची पाळी, तीन नंबरची खाट. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. छापील फलक आले आणि धंदा बसला, पण हात तसाच राहिला. पहिल्यांदा माझा आकडा बघून म्हणाले, “सिस्टर, हे अक्षर आहे की कोंबडीचे पाय?”

दुसऱ्या कुणाची बिशाद नव्हती. मी खडू त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, “मग लिहा तुम्ही.” तेव्हापासून त्यांच्या दिवशी आकडा त्यांचा. वजन करून झालं की फळ्यासमोर उभे राहायचे, एक डोळा मिटून अंदाज घ्यायचे आणि असा गोलाईदार आकडा काढायचे की इतर पेशंट उशीवरून मान वर करून बघायचे.

काकांची नळी चार वर्षं जुनी. म्हणजे चार वर्षांतली तिसरी. डाव्या हातात फिस्टुला दोनदा करून झाला होता, दोन्ही वेळा बंद पडला. मानेच्या डाव्या बाजूची शीर मिटली होती. उजव्या बाजूला होती ती शेवटची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, “ही गेली की मानेत जागा नाही. मग जांघेतून नळी, नाहीतर उजव्या हातात फिस्टुला.”

उजव्या हाताचं नाव काढलं की काका मुठी आवळायचे. फिस्टुला केल्यावर बोटं गार पडतात, जोर जातो, असं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं. क्वचित होतंही तसं, नाही असं नाही. “बाकी सगळं शरीर तुमच्या ताब्यात दिलंय,” म्हणायचे, “हा एक हात माझ्यासाठी राहू द्या.” मी त्यांच्याशी यावर भांडले, त्यांच्या बायकोकडून वदवून घ्यायला बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

आता माझं सांगते. खोटं कशाला बोलू.

तो बुधवार होता, फळ्यावर दोनशे त्र्याहत्तर. मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला असेल, काका कुडकुडायला लागले. दातावर दात वाजत होते. मी ताप बघितला, नॉर्मल. “एसी फार आहे हो सिस्टर,” ते म्हणाले. मी एसी कमी केला, मशीनचं तापमान अर्धा डिग्री वाढवलं, दोन ब्लँकेटं टाकली. पंधरा मिनिटांत थांबलं.

नळीचा पेशंट मशीनवर कुडकुडला, की ताप असो वा नसो, रक्त तपासायला पाठवायचं. हा नियम मी माझ्या प्रत्येक नर्सकडून पाठ करून घेतलाय. विसरलेल्या एकीला मी सगळ्यांसमोर रडवलं होतं. त्या दिवशी रक्त घ्यायच्या बाटल्या कपाटातून काढल्या होत्या मी, हातात होत्या माझ्या. तेवढ्यात फळ्याकडे लक्ष गेलं. ताप तर नाही, मी स्वतःला म्हटलं. एसीच असेल. आणि बाटल्या परत ठेवल्या.

त्यानंतर काका जरा गप्पगप्प असायचे. भूक नाही म्हणायचे. ताप मात्र दर वेळी नॉर्मल. मीच मोजायचे, दोनदा मोजायचे, आणि मनात म्हणायचे, बघ, काही नाही. आपणच आपली समजूत घालायची म्हटल्यावर काय, माणूस तयारच असतो.

तीन आठवड्यांनी, पुन्हा बुधवारीच, काका आले ते भिंतीला धरत. मी म्हटलं, आज आकडा राहू द्या. “हॅट्,” म्हणाले, आणि लिहिला. दोनशे चौऱ्याण्णव. त्यातला चार खाली घसरला होता. त्यांनी तो पुसून पुन्हा काढला, तरी घसरलाच.

मशीनवर घेतलं आणि वीस मिनिटांत खाट हलायला लागली. थंडी म्हणजे काय थंडी! दोघींनी धरूनही आवरेनात. रक्तदाब सत्तरवर आला, ताप एकशे तीन. सव्वीस वर्षांत मी घाबरले नव्हते एवढी त्या दिवशी घाबरले. मशीन थांबवलं, डॉक्टरांना बोलावलं, या वेळी बाटल्या भरून रक्त घेतलं, आणि बाहेर बाकावर बसलेल्या काकूंना हाक मारली. घरी कुठली औषधं चालू आहेत ते हवं होतं.

काकूंनी पिशवी टेबलावर पालथी केली. नेहमीच्या गोळ्या होत्याच, आणि त्यांच्यात तापाच्या गोळ्यांची एक पट्टी, दोनच उरलेल्या.

“ही कधी घेतात?” मी विचारलं.

“डायलिसिसच्या दिवशी निघताना दोन,” काकू म्हणाल्या. “आज घेतल्या, पण रस्त्यात उलटीतून पडल्या. असं बघताय काय? तुम्हीच सांगितल्यात ना घ्यायला?”

“मी?”

“हे म्हणाले, सिस्टरांनी सांगितलंय. एक महिना होत आला.”

ताप झाकून येत होता हा माणूस, मी मोजायच्या आधी. आणि मी मोजून खूश होत होते.

दुपारी नळी काढली. दोन दिवसांनी रिपोर्ट आला, रक्तात जंतू. हृदयाची सोनोग्राफी केली तर जंतू एका झडपेवर जाऊन बसलेला. डॉक्टर रिपोर्ट बघत म्हणाले, “तीन आठवडे आधी कळलं असतं तर इतकं आत गेलं नसतं. कदाचित त्याच जागी नवी नळी घालता आली असती. पण कळणार कसं, त्यांनी लपवलं तर?”

इथे मी गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पण त्या माणसावर सगळं ढकलायचं, हे माझ्याच्याने होईना.

“मला कळलं होतं, सर,” मी म्हटलं. “ते कुडकुडले होते. मी रक्त पाठवलं नाही.”

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “लिहून द्या.” मी लिहून दिलं.

दहाव्या दिवशी काकांना अतिदक्षता विभागातून वॉर्डात आणलं. जांघेत तात्पुरती नळी, त्यामुळे नीट बसता येत नव्हतं. सहा आठवडे शिरेतून औषध चालणार होतं. काका निम्मे राहिले होते बिचारे. ड्यूटी संपल्यावर मी गेले. चांगलं झापायचं ठरवून गेले होते, शब्दसुद्धा जुळवले होते. दारात शिरले आणि एकही आठवेना.

त्यांनीच विचारलं, “फळा पुसला?”

“पुसला.”

“शून्य कुणी काढलं?”

“मी.”

“म्हणजे अंडं झालं असेल,” म्हणाले, आणि हसताना खोकला आला. पाणी दिलं मी. मग म्हणाले, “चिडू नका सिस्टर. नळी गेली तर हात द्यावा लागणार, ही भीती होतीच. पण ते एकच नव्हतं. तुम्ही सकाळी आल्या आल्या त्या फळ्याकडे कशा बघता, मी बघितलंय. तीनशेला थोडेच दिवस राहिले होते. म्हटलं, तेवढे ओढून न्यावे. माझ्यामुळे कशाला तुमच्या आनंदात विघ्न.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही. सांगून टाकलं सगळं. बाटल्या हातात होत्या, फळा बघितला, परत ठेवल्या. ते छताकडे बघत ऐकत राहिले. मला वाटलं, आता हा माणूस तोंड फिरवेल, आणि फिरवावंच.

“म्हणजे दोघांनी मिळून ओल्या भिंतीवर रंग दिला,” ते म्हणाले. “दिसतो छान. चार दिवस.”

“काका, मला माफ करा.”

“करतो की. पण लगेच नाही होणार,” ते म्हणाले. “थोडे दिवस द्या.” आणि मला ते बरं वाटलं. लगेच केलं असतं तर मला झोप लागली नसती.

तेवढ्यात सर्जनसाहेब आले. हातात शाईचं पेन. काकांनी माझ्याकडे बघितलं नाही, काकूंकडेही नाही. उजव्या हाताची बाही स्वतःच वर केली आणि हात पुढे केला. साहेब शिरा चाचपत कोपराजवळ खुणा करत गेले. काका त्या रेघा एक डोळा मिटून बघत होते. “सरळ मारा हो,” एवढंच म्हणाले. काकूंनी त्यांचा खांदा धरला. मी बाहेर आले.

सोमवारी सकाळी काकांची पाळी भरली. तीन नंबरला दुसरा पेशंट होता. सगळे मशीनवर लागले, आणि मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. काकांना सोडून त्या पाळीत नळीचे पाच जण.

“एक विचारायचंय,” मी म्हटलं. “गेल्या वर्षभरात कुणाला थंडी वाजली, ताप आला, आणि मला सांगितलं नाही? खरं सांगा.”

पाच नंबरच्या शाळेतल्या बाईंनी हात वर केला, वर्गात करतात तसा. पाठोपाठ सात नंबरचे ड्रायव्हर. मग खिडकीजवळचा शिंपी, ज्याला मी सगळ्यांत शहाणा पेशंट म्हणायचे, त्याचा हात.

पाचातले तीन. दोनशे चौऱ्याण्णव दिवस!

“अहो, पण का?” माझा आवाज चढला. “मरायचं होतं का? सांगितलं का नाही मला?”

ड्रायव्हर छताकडे बघायला लागले, शिंपी पांघरुणाकडे. शेवटी शाळेतल्या बाई हळूच म्हणाल्या, “तुम्ही ओरडता ना, सिस्टर. हे काय, आत्ताही ओरडलात.”

सव्वीस वर्षं मी जंतूंवर ओरडत होते असं मला वाटत होतं.

मी स्टूल ओढलं, बाईंच्या खाटेशी बसले, आणि जमेल तितक्या खालच्या आवाजात म्हटलं, “बरं. सांगा. पहिल्यांदा कधी वाजली थंडी?”